सहलीची तारीख आणि समुद्राची प्रकृति

आपण नाशिककर म्हणजे घाटावरचीं माणसें. समुद्र आपल्या वांट्यास वर्षांतून एखादे वेळीं येतो, म्हणून त्याच्या भेटीची तयारी आपण लग्नकार्यासारखी करतों. गाडी ठरते, खोल्या ठरतात, फराळाचे डबे भरले जातात. ज्याच्याकडे पाहुणे म्हणून जावयाचें, त्या समुद्राची प्रकृति कशी आहे, एवढें मात्र कोणी विचारीत नाहीं.

हा प्रश्न मलाहि पूर्वीं सुचला नव्हता. एका हिवाळ्यांत इयत्ता आठवीचीं मुलें घेऊन आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील एका गांवीं गेलों. सकाळीं किनाऱ्यावर उतरतों तों पाणी मळकट हिरवें, आणि वाळूवर चिकट फेंसाची रेघ. मुलें धांवणार, इतक्यांत जाळें साफ करीत बसलेली एक कोळीण म्हणाली, "मास्तर, आज पोरांना पाण्यांत सोडूं नका. रात्रीं हेंच पाणी निळें पेटलें होतें." मीं मुलांस थांबविलें. चाळीस तोंडें एकदम हिरमुसलीं. परत आल्यावर एका पालकांनीं विचारलें, "सर, इतका प्रवास करून मुलांनीं समुद्राला पायहि लावूं नये, तर पैसे कशाचे घेतलेत?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देतों.

लाट फुटतांच निळा प्रकाश देणारा जीव बहुधा नॉक्टिल्यूका हा असतो. नांवाचा अर्थच मुळीं रात्रीं प्रकाशणारा. एका पेशीचा, बहुधा खसखशीच्या दाण्याहूनहि लहान. अरबी समुद्रांतील त्याच्या जातीच्या पोटांत त्याहून सूक्ष्म असें हिरवें शेवाळ राहतें. म्हणून दिवसा पाणी हिरवें आणि रात्रीं निळें. नोव्हेंबर २०२० मध्यें तो जुहूस आणि देवगडास चमकला, तेव्हां त्याचीं छायाचित्रें घरोघर पाहिलीं गेलीं. देखावा सुंदर खराच. हा जीव स्वतः विषारी मानला जात नाहीं. परंतु त्याच्या पेशींत अमोनिया सांचलेला असतो, आणि हे असंख्य जीव मरून कुजूं लागले कीं पाण्यांतील प्राणवायु घटून मासे गुदमरतात.

मग कोळणीचें सांगणें उगीचच होतें काय? मुळींच नाहीं. पाण्याचा रंग पाहून त्यांत कोणता जीव माजला आहे, हें तुम्हां-आम्हांस ओळखतां येत नाहीं, आणि त्याचे कांहीं भाऊबंद फार घातकी आहेत. शिंपल्यांतले प्राणी पाणी गाळून खातात, त्यामुळें तें विष त्यांच्या अंगांत सांठतें. केरळांत विळिंजम येथें १९९७ सालीं असे शिंपले खाऊन सात माणसें दगावलीं, आणि सुमारें पांचशें रुग्णालयांत गेलीं. हें विष शिजविल्यानें जात नाहीं, आणि त्यावर उतारा नाहीं. ओंठांस मुंग्या येण्यापासून आरंभ होऊन पाळी श्वासापर्यंत जाते. तेव्हां पाण्यानें रंग बदलला असेल त्या दिवसांत तिसऱ्या आणि कालवें, कितीहि आवडत असलीं तरी, पानांत घेऊं नयेत.

कोणी म्हणेल, ऋतु टाळून जावें. पण नॉक्टिल्यूकाचा जोर हिवाळ्यांत, आणि खलाशी ज्यास समुद्राचा भुसा म्हणत त्या ट्रायकोडेस्मियमचे तपकिरी पट्टे फेब्रुवारीपासून मेपर्यंत. म्हणजे आमची नाताळची सुटी आणि उन्हाळ्याची, दोन्ही त्यांत सांपडल्या! बाकी उरला पावसाळा, आणि त्या खवळलेल्या पाण्यांत मुलें घालणारा शिक्षक मला तरी ठाऊक नाहीं.

म्हणून तारीख टाळण्यापेक्षां बेत लवचिक ठेवावा, हें माझें मत. हैदराबादचें भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साह्यानें अशा बहरांची माहिती देतें. निघण्यापूर्वीं ती पाहावी. तथापि उपग्रहास रंग दिसतो, विष दिसत नाहीं; ढग आले कीं रंगहि दिसत नाहीं, आणि किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यांत त्याची फसगत होते. अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यांचा हालहवाल लोक घरबसल्या वाचून मग निघतात, कारण तेथील लाल पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यानेंहि खोकला येतो. तशी पाटी मीं कोंकणांत अद्यापि पाहिली नाहीं. ती लागेपर्यंत ज्या घरीं उतरावयाचें त्यांना आदल्या दिवशीं दूरध्वनि करावा, आणि पोंचल्यावर पहिला प्रश्न मासेमारी करणारांस विचारावा. शिवाय एखादा किल्ला किंवा बंदर पाहण्याचा दुसरा बेत हाताशीं असावा. आमच्यापाशीं तो नव्हता, ही चूक माझी. पालकांचा राग तेवढ्यापुरता रास्तच होता.

(त्या सकाळीं मुलें कोळणीभोंवतीं बसलीं आणि माशांचीं सतरा नांवें शिकलीं. माझीं पांचांवर थांबलीं.)

या वर्षींचें सहलीचें पत्रक पालकांच्या हातीं पडेल, तेव्हां त्यांत एक ओळ अधिक असेल: "समुद्रांत उतरणें न उतरणें हें त्या दिवशींच्या पाण्यावर ठरेल." त्या ओळीखालीं सही करावी, एवढीच विनंति.