पॉलिअमाइनचा आकडा लिहा

टोबॅको मोझॅक विषाणूचा आरएनए गव्हाच्या अंकुराच्या अर्कात वाचायला दिला की जेलवर १२६ आणि १८३ किलोडाल्टनचे दोन बँड आपण शोधतो. पहिले प्रथिन यूएजी या थांब्यापाशी संपते. काही थोडे रायबोसोम तो थांबा ओलांडून पुढे जातात आणि दुसरे, लांब प्रथिन तयार होते. विषाणूच्या प्रती काढणारा पॉलिमरेजचा भाग या दुसऱ्या प्रथिनातच असतो. आता मॅग्नेशियम तेवढेच ठेवून स्पर्मिडीन वगळा. वरचे बँड फिके पडतात, खाली अर्धवट साखळ्यांचे प्रमाण वाढते. आरएनए तोच असतो, अर्कही तोच असतो. मग जेलवर दिसलेला फरक विषाणूचा म्हणायचा की बफरचा?

हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट्स आणि पॅटरसन यांनी १९७३ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या अर्कात याच विषाणूचा आरएनए वाचून दाखवला आणि वनस्पती-विषाणूंच्या अभ्यासाला एक भरवशाचे साधन मिळाले. स्पर्मिडीनसारख्या पॉलिअमाइनमुळे या अर्कात साखळी लवकर वाढते आणि मध्येच कमी तुटते, हे त्याच दशकात स्पष्ट झाले. तरीही आपल्याकडे येणाऱ्या अनेक लेखांत पद्धतीच्या भागात ‘बफर किटमधील सूचनेप्रमाणे’ एवढेच वाक्य असते. हे संपादकीय त्या वाक्याबद्दल आहे.

पेशीतल्या सामूवर पुट्रेसीनवर दोन, स्पर्मिडीनवर तीन आणि स्पर्मीनवर चार धनभार असतात. मॅग्नेशियमचा भार एका बिंदूत एकवटलेला असतो, तर पॉलिअमाइनचा भार लवचीक साखळीवर अंतराअंतराने पसरलेला असतो. म्हणून ते आरएनएच्या ऋणभारित कण्याला वेगळ्या रीतीने बिलगतात. पेशीतल्या पॉलिअमाइनचा मोठा हिस्सा आरएनएलाच बांधलेला असतो. परिणाम संदेशवाहक आरएनएवर होतो, तसा टीआरएनए आणि रायबोसोमवरही होतो. स्पर्मिडीन असले की कमी मॅग्नेशियमवर काम भागते. दोन्ही वाढवत नेले तर मात्र भाषांतर मंदावते आणि चुकाही वाढतात. मॅग्नेशियमचा योग्य बिंदू पॉलिअमाइनच्या मात्रेबरोबर सरकतो, म्हणून एक आकडा दुसऱ्याशिवाय निरर्थक आहे.

थांबा ओलांडण्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. तंबाखूच्या पानातला टायरोसीनचा एक नेहमीचा टीआरएनए यूएजी वाचू शकतो आणि परीक्षानळीत पॉलिअमाइन अशा वाचनाला बळ देतात. तेव्हा १८३ आणि १२६ यांचे गुणोत्तर हा केवळ आरएनएच्या क्रमाचा गुणधर्म नाही. दोन उत्परिवर्तितांची तुलना करताना त्यांतल्या एकाच आरएनएसोबत उरलेले क्षार आले, तर निष्कर्ष सहज उलटू शकतो. टर्निप यलो मोझॅक विषाणूच्या कणात तर स्पर्मिडीन मुळातच असते. अशा कणातून काढलेला आरएनए किती स्वच्छ झाला, हे तपासल्याशिवाय त्याचे वाचन दुसऱ्याच्या वाचनाशेजारी मांडू नये.

परीक्षानळीतून पानाकडे जाताना आणखी जपावे लागते. स्पर्मीन पानावर फवारले आणि विषाणू कमी दिसला, म्हणजे भाषांतर रोखले गेले असे ठरत नाही. पेशींच्या बाहेरच्या जागेत पॉलिअमाइन ऑक्सिडेज त्याचे विघटन करते, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि वनस्पतीचे संरक्षण जागे होऊ शकते. प्रतिकार देणारे एन जनुक असलेल्या तंबाखूत टोबॅको मोझॅकच्या संसर्गानंतर पेशींबाहेर स्पर्मीन साठते, हेही ठाऊक आहे. उलट्या दिशेनेही फसगत होते. डीएफएमओ हे रोधक द्रव्य पॉलिअमाइन बनण्याची ऑर्निथीनकडून येणारी वाट अडवते, पण वनस्पतींना आर्जिनीनकडून येणारी दुसरी वाट असते आणि अॅराबिडॉप्सिसमध्ये तर पहिली वाटच नाही. शिवाय भाषांतराच्या ईआयएफ-५ए या घटकाला लागणारे हायप्युसीन स्पर्मिडीनपासूनच बनते. म्हणजे स्पर्मिडीन तोडले की विषाणूबरोबर यजमानाचे भाषांतरही ढासळू शकते.

खानदेशात केळीवर ‘हरण्या’ म्हणून ओळखला जाणारा रोग कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो. त्याचा जीनोम तीन आरएनएंमध्ये वाटलेला आहे, पुढच्या टोकाला टोपी आणि मागच्या टोकाला टायरोसीन स्वीकारणारी टीआरएनएसारखी घडी आहे. टोबॅको मोझॅकसाठी बसवलेला बफर त्या तिन्हींना सारखाच मानवेल, असे गृहीत धरायला काहीही आधार नाही. आपल्याच शेतातल्या विषाणूवर काम करणाऱ्यांनी मॅग्नेशियम आणि स्पर्मिडीन यांची जोडमोजणी प्रत्येक आरएनएसाठी वेगळी करायला हवी. ती एका आठवड्याची मेहनत आहे आणि पुढची वर्षे वाचवते.

म्हणून लेखकांना तीन गोष्टींचा आग्रह. अंतिम मिश्रणातले मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि पॉलिअमाइन मिलिमोलरमध्ये लिहा, अर्कातून आलेला वाटाही त्यात धरा. पॉलिअमाइनचे द्रावण किती जुने होते आणि कसे साठवले होते, तेही नोंदवा, कारण हवेत उघडे राहिलेले द्रावण बिघडते. थांबा ओलांडण्याचा दावा असेल तर तो पॉलिअमाइनच्या किमान दोन मात्रांवर दाखवा. यापुढे परीक्षकांना पाठवण्याआधी आम्ही प्रत्येक लेखात हे आकडे पाहू. ते नसतील तर लेख परत येईल, आणि त्यासोबत मोजणी कशी करावी याचे आमचे टिपणही असेल.