बीटा ब्लॉकरचा फेरविचार

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या औषधांत बीटा ब्लॉकर असणारच, हा गेल्या चार दशकांचा शिरस्ता. अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील प्रभाव रोखून नाडी मंद करणारी ही औषधे. १९८१-८२ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतील चाचण्यांत त्यांच्यामुळे मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसले आणि हा शिरस्ता रूढ झाला.

पण तेव्हाचे रुग्ण वेगळे होते. तातडीची अँजिओप्लास्टी नव्हती, स्टॅटिन नव्हते. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी होई आणि त्यातून उद्भवणाऱ्या घातक अनियमित ठोक्यांना हे औषध आवर घाली. आज वेळेत उपचार मिळाल्यास स्नायू बव्हंशी वाचतो. मग औषध कशासाठी?

ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिद येथील युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत याची दोन उत्तरे मिळाली. स्पेन व इटलीतील सुमारे साडेआठ हजार रुग्णांच्या चाचणीत औषध घेणारे व न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. डेन्मार्क व नॉर्वेतील ५,५७४ रुग्णांत मात्र मृत्यू वा हृदयाशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १४.२ टक्के, न घेणाऱ्यांत १६.३ टक्के होते. हा लाभ मुख्यतः दुसरा झटका टळण्यातला. मृत्यूंत फरक नव्हता.

विसंगतीचा बराचसा उलगडा इको तपासणीतील 'इजेक्शन फ्रॅक्शन' या आकड्यात आहे. तो ४० ते ४९ टक्के असलेल्यांना लाभ होतो, ५० वा अधिक असलेल्यांना होत नाही, असे एकत्रित विश्लेषणांतून दिसले. ४० पेक्षा कमी असलेले रुग्ण या चाचण्यांत नव्हतेच. त्यांच्यासाठी औषधाचे मोल वादातीत आहे.

तेव्हा 'बीटा ब्लॉकर निरुपयोगी' असा मथळा वाचून कोणी गोळी बंद करील, तर ते घातक ठरू शकेल. दीर्घकाळ रोखलेल्या पेशी अ‍ॅड्रेनलिनला अधिक संवेदनशील झालेल्या असतात. औषध एकाएकी थांबवल्यास छातीत दुखणे, क्वचित नवा झटकाही संभवतो. मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते. शिवाय अनेकांना हे औषध अंजायना वा अनियमित ठोक्यांसाठी दिलेले असते; त्यांना हे निष्कर्ष लागू नाहीत.

इतका उशीर का झाला? ही औषधे केव्हाच पेटंटमुक्त झाली. आपल्याकडेही मेटोप्रोलॉल स्वस्तात मिळते. स्वस्त गोळी अनावश्यक ठरवण्यासाठी कोणती कंपनी पैसा ओतणार? स्पॅनिश चाचणी उभी राहिली ती तेथील राष्ट्रीय हृदय संशोधन केंद्रामुळे.