फिल्म बाहेरून काढा, पण सेपरेशन स्वतः शिका!



या आठवड्याच्या व्हिडिओत काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं बघून काही जण घाबरले. "सर, टी-शर्ट प्रिंटिंग शिकवता शिकवता हे कोडिंग कुठून आलं?" अहो, हे कोडिंग नाही, एका ओळीचं काम आहे. आणि माझं स्पष्ट मत आहे, स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात उतरायचं असेल तर कलर सेपरेशन स्वतःला आलंच पाहिजे.

का, ते सांगतो. सुरुवातीला मी सेपरेशन बाहेरून करून आणायचो. गणपतीच्या आधी एका मंडळाची ऑर्डर होती. फाइल तिकडे तीन दिवस पडून राहिली. फिल्म आल्या त्या सायन आणि मॅजेंटाची नावं उलटी टाकून. आम्ही नाव वाचून शाई भरली आणि केशरी फेटा हिरवा छापून आला! आठ शर्ट वाया गेले, रात्र गेली. चूक त्यांची होती, पण फिल्म बघून ओळखता आली नाही ही चूक माझी.

आता पद्धत. इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. व्हिडिओतल्या त्या ओळीचा अर्थ इतकाच: हा फोटो घे, आरजीबीमधून सीएमवायकेमध्ये आण, चॅनेल वेगळे कर. लगेच चार करड्या फाइल मिळतात. शून्य नंबरची सायन, मग मॅजेंटा, पिवळा आणि काळा. लक्षात ठेवा, या फाइलमध्ये जिथे पांढरं तिथे शाई जास्त. फिल्मवर नेमकं उलटं लागतं, म्हणून 'निगेट' हा शब्द जोडायचा. तो विसरलात तर फ्रेम एक्स्पोज करून फुकट.

फोटोशॉपमध्ये हे होत नाही का? होतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी खुशाल वापरा. पण नवीन माणसाने फक्त एवढ्यासाठी दरमहा भाडं का भरावं? शिवाय चाळीस डिझाइन असली तरी कमांडला फरक पडत नाही.

मात्र कमांड आली म्हणजे प्रिंटिंग आलं, असं समजू नका. कलर प्रोफाइल दिलं नाही तर सॉफ्टवेअर नुसतं गणित करतं, रंग डोळ्यांना पटेलच असं नाही. हाफटोनचे ठिपके वेगळे पाडावे लागतात, आणि प्रत्येक रंगाचा कोन वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर कापडावर जाळी उमटते. रजिस्ट्रेशनच्या खुणा आपणच घालायच्या. काळ्या शर्टवर खाली पांढरा बेस लागतो, तो या चार फाइलमध्ये नसतो. आणि दोन रंगांचा साधा लोगो असेल तर सीएमवायके करूच नका, दोन रंगांच्या दोन फिल्म काढा.

फिल्म आजही मी बाहेरूनच प्रिंट करून घेतो, मशीन घ्यायची घाई करू नका. पण फाइल माझी असते, तपासून दिलेली. काम बाहेर द्या, समज बाहेर देऊ नका.

आज एकच करा. मोबाइलमधला एक फोटो घ्या, चार चॅनेल काढा, आणि नंबर न बघता कुठला रंग कुठला ते ओळखा. ओळखता आलं की मगच ऑर्डर घ्या.