काचेच्या टँकमधला मासा आणि कायद्याचा कागद

हल्ली चाळीत, वस्तीत, पुनर्वसनाच्या इमारतीत, कुठेही जा, दहा घरांत एका घरी माशांचा टँक दिसतोच. मुले त्यात रमतात, त्यांना जिवाची काळजी घ्यायची सवय लागते. छंद चांगलाच आहे. पण दुकानात मिळणारा प्रत्येक मासा पाळायची मोकळीक आपल्याला नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाय माशांच्या दुकानात राबणारी, बंगल्यांतून टँक साफ करणारी पोरे बहुधा आपल्याच वस्त्यांतली असतात. प्रकरण अंगाशी आले की मालक बाजूला होतो आणि पोरगा पुढे उभा राहतो. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी भीती घालवू. गोल्डफिश, गप्पी, मोली, एंजल, फायटर हे मासे घरी ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. गप्पी तर डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिकाच विहिरींत आणि टाक्यांत सोडते. हे मासे खुशाल पाळा.

गोंधळ होतो तो आरोवाना माशाबाबत. बाजारात स्वस्तात मिळणारा चंदेरी आरोवाना दक्षिण अमेरिकेतला. तो संरक्षित यादीत नाही. पण लाल, सोनेरी किंवा हिरव्या छटेचा आशियाई आरोवाना वेगळा. तो इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, कंबोडिया या बाजूच्या नद्यांतला. याची मादी थोडीच अंडी घालते आणि नर ती अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो. पिल्लांसाठी नराला पकडले की सारी वीणच हाती लागते, नदीत मागे काही उरत नाही. त्यात हा मासा ड्रॅगनसारखा दिसतो, तो ठेवला की बरकत येते, अशी समजूत पसरलेली. आमचे म्हणणे एवढेच, की या माशाने पैसा आलाच तर तो विकणाऱ्याच्या गल्ल्यात येतो, घेणाऱ्याच्या नाही.

दुर्मिळ जिवांच्या व्यापारावर लगाम घालणारा 'साइटीस' हा आंतरराष्ट्रीय करार 1973 साली वॉशिंग्टनला झाला आणि 1 जुलै 1975 पासून अमलात आला. भारत 1976 पासून त्याचा सदस्य आहे. आशियाई आरोवाना त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. नदीतला मासा पकडून त्याचा परदेशांशी धंदा करता येत नाही. नोंदणी झालेल्या शेततळ्यात पैदास झालेलाच मासा विकता येतो. अशा माशाच्या अंगात छोटी चिप बसवतात आणि तिच्या क्रमांकाचा दाखला सोबत देतात.

हा मासा आपल्या देशात आणायचा तर तिकडच्या सरकारचा निर्यात परवाना हवा, इकडचा आयात परवाना हवा आणि रोग येऊ नये म्हणून आरोग्य तपासणी हवी. पिशवीत पाणी भरून, बॅगेत दडवून आणलेला मासा कस्टमवाले जप्त करतात आणि आणणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. परदेशातून येताना "एवढी पिशवी घेऊन जा" म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

पूर्वी पकड होती ती मुख्यतः आयातीवर. आता घरात ठेवण्यावरही आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. साइटीसच्या यादीतील जिवांसाठी तिने नवी चौथी अनुसूची आणली. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचे नियम निघाले. जुन्या मालकांना नोंदणीसाठी सहा महिने दिले होते, ते संपले. त्यानंतर असा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंद करावी लागते. मासा दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावे लागते.

समुद्री घोड्याचे तर नावच काढू नका. 2001 पासून तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. जिवंत असो वा औषधाच्या नावाने विकलेला वाळका, बाळगणे गुन्हाच. प्रवाळही तसेच. या अनुसूचीतील गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षे तुरुंगवास व किमान 25 हजार रुपये दंड आहे. इतर बऱ्याच गुन्ह्यांना 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता कामावरच्या मुलांसाठी. या कायद्यात ज्याच्या ताब्यात वस्तू सापडते, त्याचा ताबा बेकायदा असे आधी धरले जाते. तसे नाही हे त्यानेच सिद्ध करायचे. म्हणून मालकाचा महागडा मासा "दोन दिवस घरी ठेव" म्हटले तरी ठेवू नका. त्याची पावती आपल्या नावावर फाडू देऊ नका. नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स मागा. कागद दाखवत नसेल तर समजून जा.

घरात असा मासा आधीच असेल तर लपवू नका, विकूही नका. वकिलाला विचारून वनविभागाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. कोणताही परदेशी मासा तलावात किंवा नदीत सोडू नका. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकन मासा सापडला. टँकमधला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यात येतो आणि कोळी बांधवांची जाळी फाडतो. आपल्या हौसेची किंमत कोणा गरिबाने का मोजावी?

आणि अटक झालीच, तर कारण विचारा. 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर यात बौद्धही येतात. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. जातीचा दाखला पेटीत जपून ठेवलेला असतो, तो अशाच वेळी बाहेर काढायचा.