स्वस्त गाव कुणासाठी?

निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते, दोन-चार भाषणे होतात, आणि महिन्याभरात घरात विषय निघतो, ‘आता राहायचे कुठे?’ मुंबई-पुण्यात पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर तिथेच राहणे जड जाते. सोसायटीचा मेंटेनन्स, औषधे, नातवाची फी, सगळे आटलेल्या पैशांतच भागवायचे. मग कुणीतरी सुचवते, ‘धारवाडला या की! पेन्शनरांचे गाव आहे ते.’

हा लौकिक जुना आहे आणि त्याला आधारही आहे. समुद्रसपाटीपासून 700 मीटरहून अधिक उंचीवरचे, बऱ्यापैकी हवेचे गाव. 1917 सालचे कर्नाटक कॉलेज, 1950 साली इथे आलेले कर्नाटक विद्यापीठ, 1986 चे कृषी विद्यापीठ. त्यामुळे मास्तर आणि कारकून मंडळी इथे स्थिरावली आणि निवृत्तीनंतरही राहिली. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. सोलापूरच्या कॉलेजात बारा वर्षे कन्नड शिकवून 1956 साली ते निवृत्त झाले, ते परत धारवाडच्या साधनकेरीतच आले. असे दाखले ऐकले की वाटते, सामान बांधावे आणि निघावे.

पण वाचकहो, बेंद्रे आपल्या गावी परतले होते. सून, नातू, म्हातारी आई यांना घेऊन परक्या गावात येणाऱ्यांचे तसे नसते. गाव स्वस्त, हे पेन्शनीच्या बाजूने खरे. घरातल्या बाकीच्यांच्या बाजूने ते खरे आहेच असे नाही.

आम्ही 2021 साली चिंचवडहून धारवाडला आलो. चार पिढ्या, सहा माणसे. सासूबाई तेव्हा 81 वर्षांच्या, आम्ही दोघे, मुलगा, सून आणि पहिलीतला नातू. जायचे की नाही यावर घरात वाद होऊ लागले तेव्हा आमच्या ह्यांनी एक दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येकाला एक पान दिले. डावीकडे काय मिळेल, उजवीकडे काय जाईल. नातवाने आपल्या पानावर मिळण्याच्या बाजूला ‘सायकल’ लिहिले आणि जाण्याच्या बाजूला तीन मित्रांची नावे.

ह्यांचे पान सर्वांत सोपे होते. फ्लॅट विकून इथे तीस-चाळीसच्या प्लॉटवरचे घर येईल आणि व्याजासाठी काही रक्कम उरेल, एवढे त्यात स्पष्ट दिसत होते. पेन्शनचे खाते हलवायची गरज नव्हती. हयातीचा दाखला आता डिजिटल ‘जीवन प्रमाण’ने कुठूनही देता येतो. माझ्या पानावरही मिळण्याचीच बाजू भरलेली, कारण धारवाड माझे माहेर. इथली भाषा, इथली माणसे, मिर्ची भजी आणि गिरमिटाची गाडीसुद्धा माझ्या ओळखीची. म्हणून मीच ठरवले, की या चर्चेत आपण कमीत कमी बोलायचे. ज्याचा फायदा जास्त, त्याचा आवाज मोठा झाला की बाकीचे गप्प बसतात.

सासूबाईंनी लिहिले, ‘तुम्ही जिथे तिथे मी.’ हे वाचायला गोड वाटते, पण याला होकार म्हणत नाहीत. पुन्हा पुन्हा विचारल्यावर दोन गोष्टी बाहेर आल्या. डॉक्टरांना आपले दुखणे मराठीत सांगता येईल का, आणि भजनी मंडळाचे काय. पहिलीचे उत्तर आम्ही आधी येऊन शोधले. हुबळीचे किम्स हे जुने सरकारी रुग्णालय, सत्तूरचे एसडीएम, दोन्ही शहरांत खासगी दवाखाने. मराठी समजणारे डॉक्टर इथे दुर्मीळ नाहीत. दुसरीचे उत्तर शेजारच्या अज्जींनी दिले. त्यांना मराठी येत नाही, ह्यांना कन्नड. पण पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी विठ्ठलाचे नाव येते आणि तुकोबांच्या अभंगांतही तोच. एकादशीला दोघी आलटून पालटून म्हणतात. तरी चिंचवडच्या मैत्रिणी त्या मैत्रिणीच. सासूबाई रविवारी फोनवर तास तास बोलतात, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ कुणाशी बोलत नाहीत.

सर्वांत अवघड पान सुनेचे. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. मुलाला घरून काम करता येत होते, तिला येणे शक्य नव्हते. रक्ताचे नमुने काही घरी मागवता येत नाहीत. तिने उजव्या बाजूला एकच ओळ लिहिली होती, ‘माझी नोकरी आणि नऊ वर्षांची सीनियॉरिटी.’ इथे नोकरी मिळायला तिला सात महिने लागले आणि पगार कमी मिळाला. म्हणजे घर स्वस्तात चालणार, ते काही अंशी तिच्या पैशांवर. हे बोलून दाखवणे कठीण असते, पण आम्ही ते बोललो. पगारातला फरक आम्ही उरलेल्या रकमेच्या व्याजातून दर महिन्याला तिच्या खात्यात जमा करतो. आधी ती नको म्हणाली. हे म्हणाले, ‘तांदूळ-डाळीसारखा घरखर्चातच धरलाय तो.’ सीनियॉरिटी मात्र कुठल्याच व्याजातून भरून देता येत नाही. तिच्या पानावरची ती ओळ अजून तशीच आहे.

मुलाचेही पान नंतर बदलले. 2023 पासून ऑफिसने महिन्यातून काही दिवस पुण्याला बोलवायला सुरुवात केली. सप्टेंबर 2024 मध्ये हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तिचा उपयोग होतो. तरी प्रवासाचा खर्च ‘स्वस्त’मधून वजा करावाच लागतो.

नातू सहा महिन्यांत कन्नड बोलू लागला. 2015 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत कन्नड सक्तीची झाली आहे. लहान मूल ती सहज उचलते, आठवी-नववीतल्या मुलाला मात्र कठीण जाते. असे मूल घरात असेल तर दहावी होऊ द्यावी, मग हलावे. आमचा नातू आता पणजीला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवतो. मराठीसाठी आम्ही रात्री अर्धा तास मोठ्याने वाचन ठेवले आहे. नाही तर बोलता येईल, पण वाचता येणार नाही, अशी गत होते. आपल्या सीमाभागातल्या अनेक घरांत ती झालेली आहे.

आता थोडे व्यवहाराचे. पहिली गोष्ट, आल्याबरोबर घर घेऊ नका. भाड्याने राहा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढा. पावसाळ्यात गळती आणि रस्ते कळतात, उन्हाळ्यात पाणी. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी येते. चोवीस तास पाण्याची योजना 2008 साली काही वॉर्डांत सुरू झाली, पण बऱ्याच भागांत अजून काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. म्हणून इथे घर बघताना आधी जमिनीखालची टाकी, म्हणजे संप, केवढा आहे ते विचारतात. हॉलची फरशी नंतर बघतात.

भाड्याने राहिलात तर कराची चिंता करू नका. जुने राहते घर विकून झालेल्या नफ्यावरची सवलत मिळायला नवे घर घेण्यासाठी दोन वर्षे आणि बांधण्यासाठी तीन वर्षे असतात. मात्र रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. घर घेताना ई-खाता तपासा. ऑक्टोबर 2024 पासून कर्नाटकात त्याशिवाय शहरी मालमत्तेची नोंदणी होत नाही. पुण्याच्या नंबरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर आधी तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र घ्या आणि इथला कर भरण्याची तयारी ठेवा. आधारवरचा पत्ताही लगेच बदला. साध्या सरकारी बसमध्ये बायकांना जून 2023 पासून मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकातल्या बायकांना. चिंचवडचे आधार दाखवले तर तिकीट काढावे लागते!

आणखी एक नाजूक मुद्दा. नवे घर कुणाच्या नावावर? जुने घर म्हाताऱ्यांचे आणि नवे मुलाच्या नावावर, असे घाईत होते. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा आधार देतो, पण बक्षीसपत्र करायचेच असेल तर देखभालीची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी. मुलगा चांगला असला तरीही लिहावी. चांगल्या मुलाला तिची अडचण होत नाही.

शेवटी शेजारधर्माबद्दल. एके काळी मुंबई इलाख्यातल्या या भागात शाळा-कचेऱ्यांत मराठीचा एवढा वरचष्मा होता, की कन्नडला बळ देण्यासाठी 1890 साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. हा इतिहास इथले लोक विसरलेले नाहीत. तेव्हा ‘इथे सगळ्यांना मराठी कळते’ असे म्हणत येऊ नये. कुणी ‘ऊटा आतेन्री?’ विचारले तर मोडक्या कन्नडमध्ये का होईना, जेवण झाल्याचे सांगावे. समोरचा माणूस बहुधा पुढचे वाक्य आपणहून मराठीत बोलतो.

आमच्या वहीत आता पाचवे वर्ष चालू आहे. दर पाडव्याला सहाही पाने पुन्हा वाचतो. गेल्या पाडव्याला सुनेने डाव्या बाजूला पहिल्यांदाच काही लिहिले, ‘माझ्या लॅबमधल्या मुली.’ उजवी बाजू खोडलेली नाही, आणि ती खोड असे कुणी म्हणतही नाही.

आपल्या वाचकांपैकी कुणी असे राहायला येऊन परत मुंबई-पुण्याला गेले असतील, तर त्यांनी जरूर लिहावे. परत का गेलात, तेही या पानावर यायला हवे.