फुगडी थांबवणारा हात

वाचकहो, यंदाच्या सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री माझ्या हातून एक पाप घडले. कीर्तनात मृदंगाचा ठेका चढला, भजनाला उठाव आला, तशा सत्तरीपुढच्या दोन आज्या पदर खोचून फुगडीला उठल्या. त्या नेमक्या कॅमेऱ्याच्या आड येत होत्या. कमिटीचा बिल्ला माझ्या छातीवर! मी हात करून त्यांना खाली बसवले. दोघी मुकाट्याने बसल्या. कीर्तन तिथेच संपले. पुढे तासभर चालला तो कार्यक्रम.

तेव्हापासून मी भांडतो आहे, आधी स्वतःशी आणि आता तुमच्याशी. आपण पुढे सोफे मांडले, मागे खुर्च्या लावल्या, टाळकरी मानधन देऊन बाहेरगावाहून आणले. म्हणजे नाचण्याचा आनंदही मोल देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यायचा आणि आपण बघत बसायचे. पोराच्या वरातीत डीजेपुढे नाचताना ज्यांना लाज वाटत नाही, त्यांना विठोबापुढे पाऊल उचलायला मात्र संकोच वाटतो.

‘नाचाने शिस्त बिघडते’ म्हणणाऱ्यांनी एकदा दिंडीत पावली खेळून पाहावी. सगळ्यांचे पाऊल मृदंगाच्या एकाच थापेवर पडते. चुकलात तर शेजारच्याची टाच तुमच्या अंगठ्यावर आलीच म्हणून समजा. माउलींच्या पालखीत दिवसभर नाचत आलेला तोच समाज मुक्कामी, समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर करताच चिडीचूप होतो. ही शिस्त कोणत्या खुर्चीने शिकवली?

नाच म्हणजे उथळपणा, असेही ऐकतो. मग ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. कीर्तनातल्या नाचापुढे प्रायश्चित्तांना काही कामच उरले नाही, असा भाव माउलींनी तिथे मांडला आहे. आणि आपण? नाचणाऱ्यालाच प्रायश्चित्त देतो. (गुडघे दुखतात त्यांनी खुशाल खुर्चीवर बसून टाळी वाजवावी. माझे भांडण त्यांच्याशी नाही.)

पुढच्या वर्षी मृदंगासमोरची जागा मोकळी ठेवा आणि कॅमेरा खांबाला बांधा, असे मी कमिटीत मांडले. पहिला प्रश्न आला, ‘‘मग पाहुणे कुठे बसतील?’’ सतरंजीवर, मी म्हटले. अजून ठरलेले नाही.

त्या दोन्ही आज्यांच्या घरी जाऊन पाया पडून आलो. एकीने हसून चहा दिला. दुसरी अजून माझ्याशी बोलत नाही.