घोडे किती ते सांगू नका, कुलूप आहे का ते सांगा

पावसाळा लागला की सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या मोटारी मुळशी तालुक्याकडे धावू लागतात. मुळशी हा आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलुखातला तालुका नव्हे. तेथे भाताची खाचरे, डोंगरउतार आणि ताम्हिणीच्या अंगाला कोसळणारा पाऊस. टाटांच्या धरणात जमिनी बुडू नयेत म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला, तो याच मुळशीत. आज याच तालुक्यात हिंजवडीची संगणक नगरी आहे आणि डोंगराच्या बाजूला हौशी मंडळींचा नवा खेळ आहे. रस्ता सोडून मुद्दाम चिखलात गाडी घालायची, रुतवायची आणि बाहेर काढायची. त्याला ‘ऑफ रोडिंग’ म्हणतात.

या खेळाबद्दल आमची तक्रार नाही. ज्याचे पैसे, त्याची हौस. फक्त कोणाच्या बांधावरून चाक जाऊ नये. पण रस्ता सोडून जाण्याची हौस यायला आधी रस्ता असावा लागतो. आपल्या वावरापर्यंत तोच नाही. जे त्यांचे रविवारचे साहस, ते आपले सोमवार ते रविवारचे जिणे. वेचलेला कापूस घरी आणायचा तर पाणंद, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर पाणंद.

मग या खेळाशी शेतकऱ्याचा संबंध काय? संबंध असा, की डोंगरातल्या चिखलाचे चित्र दाखवून तीच गाडी तालुक्याच्या गावी आपल्या पोरांना विकली जाते. ‘फोर व्हील आहे, कुठेही जाते’ एवढ्या एका वाक्यावर लाखो रुपयांच्या कर्जाच्या कागदावर सही होते. म्हणून हे यंत्र आपण समजून घेतले पाहिजे. बियाणे घेताना पिशवीवरचे चित्र पाहून घेत नाही, तर गाडी तरी का घ्यावी?

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीची दोन्ही चाके कण्यावर सुटी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. काही अडत नाही, कारण ओढ चाकात नसून बैलांच्या खुरात असते. मोटारीत ओढ चाकातच द्यावी लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की बसवली तर वळणावर एक चाक घासत जाईल, टायर खाल्ले जाईल आणि गाडी वळायला कुरकुरेल. यावर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ साली दातेरी चक्रांची एक युक्ती काढली. तीच डिफरन्शियल. मागच्या आसाच्या मधोमध जो गोल डबा दिसतो, त्याच्या पोटात ती बसलेली असते. दोन्ही चाकांना ओढ मिळते, पण फेरे वेगवेगळे होऊ शकतात.

युक्ती छान, पण तिच्यात एक खोड आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना नेहमी सारखीच ओढ देते. मधल्या खिळीवर फिरणारे जू डोळ्यांपुढे आणा. एक बैल बसला तर दुसरा कितीही जोर करो, जू नुसते तिरके होते. चाकांचेही तसेच. एक चाक चिखलात घसरले की त्याला जेवढी पकड आहे तेवढीच ओढ कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळते. जास्त नाही.

समजण्यापुरते आकडे धरू. गाडी बाहेर काढायला ४०० किलोची ओढ हवी आहे. कोरड्या जागेवरचे चाक ५०० किलो सोसू शकते, चिखलातले फक्त ५०. साधे डिफरन्शियल देणार ५० अधिक ५०, म्हणजे १००. गाडी जागच्या जागी. इंजिनात शंभर घोडे असोत की दोनशे, चिखलातले चाक गरगर फिरेल आणि खड्डा खोल करील. जाहिरातीत मात्र घोड्यांचाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

‘आमची फोर व्हील आहे’ असे म्हणणाऱ्यांनीही हे ऐकावे. फोर व्हील म्हणजे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना ओढ. पण प्रत्येक आसावर डिफरन्शियल साधेच असेल, तर पुढचे एक आणि मागचे एक अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके अधांतरी झाली की चारचाकी ओढही संपली. मुळशीच्या डोंगरात पाण्याने कापलेल्या घळींत नेमके हेच होते. दोन चाके जमिनीवर घट्ट उभी, दोन हवेत फिरतात आणि गाडी हलत नाही.

यावर उपाय दोन.

पहिला उपाय डिफरन्शियल लॉक. मराठीत सरळ कुलूप म्हणा. कुलूप लावले की दोन्ही चाके एकजीव होतात. एक चिखलात असले तरी दुसरे आपल्या पकडीइतके ओढू शकते. वरच्या हिशेबात ५० अधिक ५०० इतकी ओढ हाती येते आणि गाडी निघते.

दुसरा उपाय ट्रॅक्शन कंट्रोल. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा डोळा असतो. एक चाक फाजील फिरू लागले की संगणक त्याच चाकाचा ब्रेक दाबतो. त्या बाजूला खोटी अडचण उभी राहते आणि सारखी वाटणी करणारे डिफरन्शियल फसते. ब्रेकने ३५० आणि चिखलाने ५० किलो अडवले की दुसऱ्या बाजूलाही ४०० मिळतात. जमिनीवर ४५० पोहोचले, गाडी निघाली. पण किंमत बघा. इंजिनला ८०० किलोचा जोर लावावा लागला आणि त्यातला ३५० ब्रेक तापवण्यात गेला. घटकाभर ठीक, बराच वेळ असे चालवले तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. शिवाय काही गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरताच इंजिनचा जोरही कमी करते. डांबरी रस्त्यावर, पावसात ते प्राण वाचवणारे आहे. पण चिखलात गाडी वेगाच्या बळावर निघत असताना नेमका जोर तुटतो आणि गाडी बसते. म्हणूनच ते बंद करण्याचे बटन असते. विकणाऱ्याने हे बटन दाखवले का, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

आता गंमत पाहा. हे दोन्ही उपाय शेतकऱ्याच्या पायाखाली कित्येक वर्षांपासून आहेत. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक असते. बहुतेकांत टाचेजवळचे ते लहान पेडल. आणि ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबून दुसऱ्या चाकाला ओढायला लावणारा आपला ड्रायव्हर जे करतो, तेच शहरातल्या गाडीत संगणक करतो. याचे नाव ट्रॅक्शन कंट्रोल. आपल्या पायाने केले तर अडाण्याची खटपट, आणि यंत्राने केले तर वरच्या मॉडेलची जादा किंमत!

मोटारींत कुलूप देता येत नाही असेही नाही. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागच्या आसाला आपोआप बसणारे यांत्रिक कुलूप दिले गेले. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०२१ च्या गुरख्यात पुढे आणि मागे अशी दोन कुलपे दिली, तीही ड्रायव्हरच्या हातात. त्याच वर्षी आलेल्या बोलेरो निओच्या वरच्या प्रकारात फोर व्हील नसतानाही मागे कुलूप आले. २०२३ साली आलेल्या मारुती जिम्नीने यांत्रिक कुलपाऐवजी ब्रेकची युक्ती वापरली. यातली बोलेरो निओची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीलाही कुलूप बसू शकते. मग ते हौशीच्या गाडीत आणि वरच्या प्रकारातच का? माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये, जिथे कापसाची बोंद्री आणि ज्वारीची पोती चढतात, तिथे ते ठरलेल्या किमतीत का मिळू नये?

पण भावांनो, येथे एक सावधगिरीचा शब्द. कुलूप पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, एवढेच. मुळशीत खाली दगड आहे, मुरूम आहे. एका चाकाखाली चिखल, तर दुसऱ्याखाली खडक. तेथे कुलूप चमत्कार करते. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव निराळा. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि दहा पावलांत टायर गुळगुळीत भोपळा होतो. चारही चाकांखाली सारखाच लोण्यासारखा चिखल असेल, तर ५० अधिक ५० म्हणजे कुलूप लावूनही १००च. मुळशीच्या डोंगरात चढलेली गाडी वर्धा-परभणीच्या वावरात चढेलच असे नाही. ज्याला वाफसा कळतो त्याला हे सांगायला नको. वाफसा कोणतीही कंपनी विकत नाही.

आणखी एक गोष्ट, जिवाच्या मोलाची. कुलूप गाडी सरळ चालत असताना, चाक जोरात फिरू लागण्याआधी लावावे आणि वळण्यापूर्वी काढावे. कुलूप लावून ट्रॅक्टर वळत नाही. जबरदस्तीने वळवला तर आस मोडतो, उतारावर उलटतो. सडकेवर दोन्ही ब्रेकची पेडले खिळीने जोडलेली असलीच पाहिजेत; नाहीतर भर वेगात एकच चाक धरले जाऊन ट्रॅक्टर फिरतो. आणि रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीने बांधून पुढे काढण्याची खोड सोडा. चाक फिरू शकले नाही की इंजिन ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलते आणि काही कळण्याच्या आत तो ड्रायव्हरच्या अंगावर मागे पालथा होतो. रुतला तर मागे घ्या, चाकापुढची माती काढा, दुसऱ्या ट्रॅक्टरने खालच्या हूकला बांधून ओढा. एक दिवस गेला तरी चालेल.

आता सरकारकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, मालवाहू गाड्यांवरचा २८ वरून १८. हे चांगलेच झाले. पण डिझेल मोटार १५०० सीसीच्या किंवा चार मीटर लांबीच्या वर गेली की ती ऐषारामाची ठरते आणि ४० टक्क्यांच्या पायरीवर बसते. ती मुळशीला सहलीला जाते की आडगावातल्या रुग्णाला भर पावसात तालुक्याला नेते, हे कर विचारीत नाही. जेथे रस्ता सरकारने दिला नाही, तेथे रस्त्यावाचून चालणारी गाडी हा ऐषाराम कसा? रस्ता नाही, आणि रस्त्यावाचून चालण्यावर दंड, असा हा दुहेरी न्याय आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

एक, पाणंदी मोकळ्या करा आणि मुरूम टाका. महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना २०२१ सालची आहे. प्रत्येक गावाने आपले अर्ज कोठे अडले ते लिहून बैठकीला आणावे.

दोन, मालवाहू पिकअपच्या प्रत्येक प्रकारात मागचे कुलूप मागेल त्याला मिळावे.

तीन, ट्रॅक्टरची ओढ मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या सरकारी केंद्रात मोजली जाते आणि अहवाल निघतो. तशीच पिकअप आणि फोर व्हील गाड्यांची ओल्या काळ्या मातीतली ओढ मोजून जाहीर करावी. मोटारी तपासणारी एआरएआय संस्था पुण्यात, मुळशीच्या शेजारीच आहे. काळी माती लागली तर आम्ही पाठवू.

चार, गाडी विकणाऱ्याने कुलूप आणि ट्रॅक्शन कंट्रोल कसे वापरायचे हे वावरात येऊन दाखवावे, मगच सही घ्यावी.

तोवर दुकानात गेलात तर तीन प्रश्न विचारा. कुलूप आहे का, आणि कोणत्या आसाला? ट्रॅक्शन कंट्रोल बंद करता येते का? आणि माझ्या पाणंदीत, पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, चालवून दाखवता का? तिसऱ्या प्रश्नाला होय म्हणेल त्याच्याशीच भावाचे बोला.